खरे कारण

वणव्याला वारा मिळावा, तसे भयाला अफवेचे साहाय्य मिळते. २०१७ च्या जुलै महिन्यात मुंबईत अंधेरी येथे एका शाळकरी मुलाचा दुर्दैवी अंत झाला. ‘ब्लू व्हेल’ नावाच्या ऑनलाइन खेळाने त्याचा बळी घेतला, अशी वार्ता हां हां म्हणता पसरली. नवी मुंबईपर्यंत पालक धास्तावले. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने त्या खेळाचे दुवे काढून टाकण्याचे आदेश कंपन्यांना दिले. पुढे तज्ज्ञांच्या समितीने अशा घटना तपासल्या. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले, की एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही.

मग खेळाला दोष देण्यात हानी ती कोणती? हानी ही, की दोषी सापडला असे वाटताच खऱ्या कारणाचा शोध थांबतो. मुलाचे मौन, त्याचे एकाकीपण, त्याच्या मनावरील ओझे यांकडे कोणाचेच लक्ष जात नाही. मोबाइल काढून घेणे सोपे. शेजारी बसून मुलाचे म्हणणे ऐकणे कठीण. परंतु खरे रक्षण त्यातच आहे. म्हणून ऐकलेली वार्ता पुढे धाडण्यापूर्वी पारखावी; आणि मन जड झाले, तर मुलांनी ते वडीलधाऱ्यांपाशी निःसंकोचपणे मोकळे करावे.