पुलाखाली उतरून पाहा

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना एक चूक मी वर्षानुवर्षे लाल शाईने दुरुस्त करत आलो आहे. मुले ‘पूल’ हा शब्द ‘पुल’ असा लिहितात. तशी ती त्यांची चूकही नाही. उर्दूत तो ‘पुल’च आहे, फारसीतही ‘पुल’च. मराठीत येताना त्याचा उकार दीर्घ झाला. मी फळ्यावर लिहितो ‘पूल’, आणि पुढच्याच ओळीत ‘पुलावर’, ‘पुलाखाली’ असे लिहावे लागते. उकार पुन्हा ऱ्हस्व! एकदा एक मुलगी म्हणाली, “सर, लांबून बघितला की मोठा आणि वर चढलं की छोटा, असं का?” सामान्यरूपाचे इतके छान स्पष्टीकरण मला बी.एड.ला कुणी दिले नव्हते.

यंदा सातवीला निबंध दिला होता, ‘मी पाहिलेला पूल’. वह्या तपासताना लक्षात आले की बहुतेक मुलांनी न पाहिलेल्या पुलावर लिहिले आहे. कुणी वांद्रे-वरळीचा सागरी सेतू, कुणी कोलकात्याचा हावडा. एकाने थेट व्हेनिस गाठले होते. मोबाइलवर पाहिलेले कालवे, होड्या, संगमरवरी कमानी, सारे त्याने मनापासून लिहिले होते. शेवटचे वाक्य होते, ‘आमच्या कर्जतमध्ये बघण्यासारखा एकही पूल नाही.’ हा मुलगा रोज उल्हास नदीवरचा पूल ओलांडून शाळेत येतो.

त्याच्या त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे.

व्हेनिसचे पूल सुंदर आहेत, यात वाद नाही. त्या शहरात सुमारे चारशे पूल आहेत. सर्वांत प्रसिद्ध रियाल्टोचा दगडी पूल १५९१ साली पूर्ण झाला. त्याआधी त्या जागी लाकडी पूल होते आणि ते एकदा नव्हे, दोनदा कोसळले. तेव्हा कुठे दगडाचा निर्णय झाला. पण तिथल्या पुलांची खरी गंमत वेगळी आहे. तिथे पूल खालून दिसतो. होडीतून जाणाऱ्याला कमानीचे पोट दिसते, दगडांचे सांधे दिसतात, कुठे ओल आली आहे तेही दिसते. आपण मात्र पुलावरून जातो, तेही रिक्षातून, बसमधून, हेल्मेटच्या काचेतून. वरून पूल हा नुसता रस्ताच असतो. कठडा संपला म्हणजे पूल संपला. जो पूल रोज ओलांडतो तो आपण पाहिलेलाच नसतो.

आता आपला मुलूख घ्या. कर्जत-खालापूर हे काही कालव्यांचे शहर नाही, पण पाण्याच्या वाटांचा प्रदेश नक्कीच आहे. घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी नळांतून खाली येते. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. वीज करून सुटलेले पाणी खोपोलीकडे पाताळगंगेत जाते, तर भिवपुरीकडे पेज नदीतून उल्हासला मिळते. राजनाल्याच्या कालव्याने ते शेतात जाते, म्हणून कर्जत तालुक्यात कित्येक गावांना उन्हाळ्यातही भात घेता येतो. मे महिन्यात कोकणातल्या बाकीच्या नद्यांची वाळवंटे होतात, तेव्हा आपल्या नद्यांना पाणी असते. जिथे पाणी आहे तिथे ओलांडण्याची सोयही लागते. नदीवर पूल, ओढ्यावर साकव, रस्त्याखाली मोरी. हे तिन्ही शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत, पण त्यांच्याकडे मान वळवून पाहायला आपल्याला सवड नाही.

आणि भव्यच पाहायचे असेल तर बोरघाट आहे की. १८६३ साली पळसदरीहून खंडाळ्याकडे रेल्वे चढली. सुमारे २५ किलोमीटरच्या चढात २५ बोगदे आणि दगडी कमानींचे आठ मोठे पूल बांधावे लागले. कामाच्या भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरात होते. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल १८५९ मध्ये बाजूला झाला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट हाती घेतले आणि तिच्या नावावर काम पुरे झाले. आमच्या मुलींना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. पण लगेच दुसरी गोष्टही सांगतो, की पटकीने आणि अपघातांनी याच घाटात हजारो मजूर मेले आणि त्यांतल्या एकाचेही नाव आपण घेऊ शकत नाही.

घाटातल्या पुलांचा एक धडा मात्र इतिहासाच्या तासाला सांगायचा राहून जातो. १९ जुलै १८६७ रोजी, म्हणजे घाट सुरू होऊन जेमतेम चार वर्षे झाली असताना, ऐन पावसात यातला एक मोठा कमानींचा पूल कोसळला. इंग्रज कागदपत्रांत त्याचे नाव ‘म्हाऊ की मल्ली’ असे येते. ‘जुने ते भक्कम, इंग्रजांच्या काळचे ते अभेद्य’ असे आपण सहज बोलून जातो. पण इंग्रजांचा पूल इंग्रजांच्याच राज्यात पडला होता. जे पूल आज उभे आहेत ते केवळ बांधले म्हणून नव्हे, तर पिढ्यान् पिढ्या कुणीतरी तपासत राहिले म्हणून उभे आहेत.

माझे म्हणणे एवढेच आहे. पूल पाहणे ही चैन नाही, ती पुलाची अर्धी देखभाल आहे. लोक ज्याच्याकडे पाहतात त्याची भेग कुणाच्या तरी नजरेस पडते. ज्याच्याकडे कुणी पाहतच नाही तो एका रात्री जातो.

आपल्या रायगड जिल्ह्याला हे सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि काही गाड्या अंधारात नदीत गेल्या. मुंबई-गोवा महामार्गावरचा पूल तो, त्यावरून किती माणसे गेली असतील! मीही कितीदा गेलो आहे. पण त्याच्या कमानी कशा दिसत होत्या असे मला कुणी विचारले तर सांगता येणार नाही. पुढच्याच वर्षी तिथे नवा पूल उभा राहिला. गेलेली माणसे काही परत आली नाहीत.

यावर कुणी म्हणेल, सर, लोक पाहायला गेले म्हणूनच तर कुंडमळ्याला जीव गेले. आक्षेप खरा आहे. १५ जून २०२५ चा रविवार, तळेगावजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण दगावले. पण ते लोक पूल पाहायला गेले नव्हते. ते पुलावर उभे राहून पाणी पाहत होते आणि स्वतःचे फोटो काढत होते. पायाखाली काय आहे, ते किती वजन पेलते, हा प्रश्न त्या गर्दीत कुणाला पडला नसावा. पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी आपल्या कर्जतच्या नद्यांवर आणि धबधब्यांवर हीच गर्दी असते. म्हणून सांगतो, पूल पाहायचा तर काठावरून पाहा, कोरड्या दिवसांत पाहा. घाटातले रेल्वेचे पूल गाडीच्या खिडकीतून पाहा. रुळांवर चालत जाऊन नव्हे.

अमृतांजन पुलाचा विषय काढल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. खंडाळ्याचा तो कमानींचा पूल १८३० सालचा, १९० वर्षांचा असे वर्तमानपत्रांनी छापले. एका बामच्या जाहिरातीमुळे त्याला ते नाव चिकटले. द्रुतगती मार्गावर त्याच्या खांबांमुळे कोंडी व्हायची, अपघात व्हायचे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा होता, तेव्हा सुरुंग लावून तो पाडला. माणसांचे जीव वाचत असतील तर दगडासाठी हट्ट धरू नये, हे मला मान्य आहे. तरी मनात राहिलेच. आपण सगळे घरात कोंडलेले आणि त्याला शेवटचे पाहायलाही कुणी नाही. आजारी माणसाच्या जनाज्यालाही चार माणसे नसायची, ते ते दिवस होते.

आता थोडे माझ्या मुस्लिम वाचकांशी. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर इस्फहानचा तेहतीस कमानींचा पूल नेहमी फिरतो. बोस्नियातल्या मोस्तारचा पूल फिरतो, १५६६ चा. तो १९९३ मध्ये तोफांनी पाडला गेला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. खाली कुणीतरी लिहिलेले असते, ‘ये थे हमारे असलाफ’. मलाही छाती भरून येते, खोटे कशाला बोलू? पण इतक्या लांब कशाला जायचे? आपल्या महाराष्ट्रातच एक नहरींचे शहर आहे. औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. पुढे १७४४ मध्ये पाणचक्की झाली, पाण्याच्या धारेवर दळण दळणारी. तिथल्या खाम नदीवर मक्काई दरवाजा, महमूद दरवाजा, बारापुल्ला दरवाजा यांना लागून जुने दगडी पूल आहेत. व्हेनिस लिहिणाऱ्या माझ्या मुलाला मी आधी तिथे नेईन.

पण असलाफांचे पूल फॉरवर्ड करणे सोपे असते. आपल्या दीनमध्ये पूल बांधणे हे सदका-ए-जारिया मानले आहे, माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते असे काम. आणि रस्त्यातली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हे मदरशातले लहान मूलही सांगते. मग पुलाच्या तुटलेल्या कठड्याचे काय? कमानीत उगवलेल्या पिंपळाच्या रोपट्याचे काय? त्याची मुळे दगडांचे सांधे फोडतात. ते दिसले आणि आपण अर्ज केला नाही, तर मोस्तारचा फोटो आपल्याला काय उपयोगाचा? हे मी फक्त मुसलमानांना सांगतो असे नाही. ‘आमच्या पूर्वजांनी बांधले’ हे वाक्य इथे सगळ्याच समाजांना पाठ आहे. वाळूत पुरलेला पाया मात्र धर्म विचारून खचत नाही.

करता येण्यासारखी कामे छोटी आहेत. ज्या विभागाच्या ताब्यात पूल आहे त्याने प्रत्येक जुन्या पुलावर एक फलक लावावा. त्यावर बांधल्याचे साल, किती टनांचे वाहन चालेल आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, एवढे लिहावे. तारीख जुनी झाली की लोक विचारतील. शाळांनी आपल्या गावच्या पुलांची नोंदवही ठेवावी. आणि पूल नाहीत तिथली नोंद आधी घ्यावी. आपल्याच तालुक्यांतल्या ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या काही मुलांसाठी पावसाळ्यात ओढा भरला की शाळा बंद होते. त्यांना रियाल्टो नको आहे. त्यांना वेळेवर बांधलेला एक साकव हवा आहे. माझ्या मते सर्वांत देखणा पूल तोच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पाणी उतरले तेव्हा सातवीच्या वर्गाला मी नदीकाठी घेऊन गेलो. पुलाखाली गार सावली होती. वरून ट्रक गेला की छातीत घुमायचे. मुलांनी खांब मोजले, पुराची रेघ कुठवर आली ते पाहिले, एका खांबाच्या बुडाशी वाळू उकरली गेली होती ते दाखवले. आम्ही संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले. मजकूर मुलांनीच तयार केला, मी फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहिले. व्हेनिस लिहिणाऱ्या मुलाने आपला निबंध पुन्हा लिहून आणला. पहिले वाक्य होते, ‘मी आमच्या पुलाला खालून बघितले.’

‘पुलाला’मधला उकार ऱ्हस्वच होता. मी बरोबरची खूण केली. पत्राला उत्तर अजून यायचे आहे.