नदीची हद्द आणि बाजाराची वाट

प्रवरा नदीच्या एका तीरावरील कोल्हार बुद्रुक राहाता तालुक्यात आणि पैलतीरावरील कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात, अशी महसुली दप्तरातील विभागणी आहे. परंतु नगर-मनमाड मार्गावरील पूल ओलांडून खरेदीला, औषधोपचाराला वा शाळेला जाणारा माणूस ही हद्द मनात बाळगून चालत नाही. ही तफावत भूगोलाच्या सिद्धांतातही दिसते: वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलशास्त्रज्ञाने 1933 साली मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत मांडताना बाजार, दळणवळण आणि प्रशासन ही तीन निरनिराळी तत्त्वे सांगितली. त्यांपैकी प्रशासनाच्या तत्त्वात गाव दोन केंद्रांत वाटले जात नाही, बाजाराच्या तत्त्वात मात्र ग्राहक जवळच्या अनेक केंद्रांत विभागला जातो.

सोय कोठे असावी हा विचार उद्योगांनाही लागू पडतो. शेजारच्या लोणी परिसरात, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 साली सुरू झालेला सहकारी साखर कारखाना हे अशा स्थानविचाराचे उत्तम उदाहरण होय. शंभर किलो उसातून साखर साधारण दहा-अकरा किलोच निघते, आणि तोडलेला ऊस लवकर वाळतो, म्हणून कारखाना भंडारदरा धरणाच्या कालव्यांवर पिकणाऱ्या उसाजवळच असावा, हे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांच्या उद्योगांच्या स्थानाविषयीच्या 1909 मधील विवेचनाशी तंतोतंत जुळते.

उसाच्या बाबतीत जो विवेक आपण दाखविला, तो रुग्णालये, शाळा आणि एसटीच्या फेऱ्या ठरविताना का दाखवू नये? नकाशावर तालुक्याची रेघ ओढण्यापूर्वी लोक प्रत्यक्ष कोठे जातात याची मोजदाद शासनाने करावी, आणि नदीकाठच्या अशा जुळ्या गावांसाठी दोन्ही तालुक्यांच्या कचेऱ्यांनी सेवांचे नियोजन एकत्र बसून करावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.