डॉक्टर होणाऱ्या पोराने पुढे काय शिकावे?



आपल्यातल्या कुणाचा पोरगा एम.बी.बी.एस. होतो, गाव हारतुरे घालते आणि पोरगा पुढच्या परीक्षेसाठी शहरात जातो तो तिकडचाच होतो. एम.डी.ची जागा निवडताना हुशार पोरांची धाव क्ष-किरण आणि त्वचारोगाकडे. रात्री कुणी दार वाजवत नाही, पैसाही बरा. पोरांना शिव्या देण्यात अर्थ नाही. जिकडे भाव तिकडे पेरा, हे कापूसवाल्यांना कुणी शिकवायला नको.

पण ज्याला खरोखरच गावात यायचे आहे त्याने काय शिकावे? डॉ. रवींद्र कोल्हे यांनी हा हिशेब मांडला होता. १९८०च्या दशकात मेळघाटातल्या बैरागडला जायचे ठरल्यावर ते आधी सहा महिने मुंबईत राहिले. शिकायच्या गोष्टी तीनच: सोनोग्राफी आणि रक्त हाताशी नसताना बाळंतपण, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखणे आणि हगवणीचा इलाज. पुढे बैरागडला काम करून काय कमी पडते ते कळल्यावर एम.डी. केले, तेही प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात. (आम्हा कृषी पदवीधरांनाही वर्षभर बांधावर ठेवून मग पुढच्या पदवीला घेतले असते, तर विद्यापीठांच्या शिफारशी निराळ्या निघाल्या असत्या.)

दुसरे डॉ. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या शेतकरी घरातले. १९७६ साली रायगडातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाने माणसे जाताना त्यांनी पाहिली. पुण्याला जाऊन मेडिसिनमध्ये एम.डी. केले आणि परत महाडकडेच आले. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून त्यांनी शेकडा चाळीसच्या घरातले मृत्यू एकाच्या आसपास आणले.

दोघांचे विषय वेगळे, पण प्रश्न गावाने दिला आणि शिक्षण त्यानंतर निवडले.

आमचे मत विचाराल तर गावाकडे येणाऱ्याने मेडिसिन घ्यावे किंवा जागा मिळाली तर फॅमिली मेडिसिन. त्यात बाई, मूल, म्हातारा सगळेच येतात. जागा मात्र फार थोड्या. कोरडवाहू रानात ज्वारीत तुरीच्या ओळी टाकतो तसा डॉक्टर हवा. एकाच अवयवाचा तज्ज्ञ तालुक्याला परवडत नाही.

हे दुखणे आपलेच नाही. सातपाटीच्या कोळ्याला पालघर स्टेशन जवळ, तेव्हा 'मुंबईला न्या' म्हणता तरी येते. त्याच जिल्ह्यातल्या मोखाड्यात रेल्वेच नाही.

एम.डी. करणाऱ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे असा नियम २०२० साली आला. नियम चांगला, जागा चुकली. जिल्ह्याला पोचेपर्यंत सापाचे विष चढलेले असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा वेळी ॲट्रोपिन किती आणि किती वेळाने द्यायचे, श्वास अडला तर नळी कशी घालायची, हे जवळच्या दवाखान्यात येणारा माणूस लागतो. म्हणून आमची मागणी आहे की हे तीन महिने ग्रामीण रुग्णालयात द्या, आणि तेही ऑगस्ट ते ऑक्टोबर. फवारणी, साप, ताप सगळे तेव्हाच असते. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडायचा आहे. आपापल्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत, ते लिहून आणा.