रानफुलांची ओळख : पेव

श्रावण-भाद्रपदांत चंद्रपूर जिल्ह्यांतील जिवतीच्या बाजूस, रानांतील ओलसर सावलींत तलम पांढरें फूल दिसलें, कीं नवखा त्यास सोनटक्का समजतो. पानें पाहतांच चूक कळते. सोनटक्क्याचीं पानें दांड्यावर समोरासमोर दोन रांगांत येतात. पेवाचीं मात्र गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें फिरत वर चढतात. फुलें शेंड्याच्या लालसर कणसांत उमलतात; सोनटक्क्याचा घमघमाट त्यांस नसतो. फूल अल्पायुषी, पण कणीस पुढेंहि टिकतें.

घरच्या मुलांना हा जिना बोटांनीं मोजावयास लावावें. कंद मात्र उपटूं देऊं नये. पुढील पावसाळ्याचें झाड त्यांतूनच उगवतें. उपटलेल्या जागीं धाकट्यांस दाखवावयास काय उरणार?