आधी एकतीस गुंठे, मग पदक

कोरेगाव भीमात आज जमिनीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पुणे-अहिल्यानगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं, प्लॉटिंग आणि कामगारांसाठी बांधलेल्या खोल्या. सणसवाडी-शिक्रापूरच्या कारखान्यांनी घरोघरी पगार आणला; माझंही घर त्यावरच चालतं. पण पोरांच्या वाट्याची मोकळी जागा दर वर्षी आक्रसते आहे. म्हणून ग्रामसभेपुढे माझी मागणी एकच : गावाने तिरंदाजीसाठी कायमचं मैदान राखून ठेवावं.

तिरंदाजीच का? उत्तर साताऱ्यात आहे. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत 150 पैकी 150 गुण घेतले. वरिष्ठ गटात त्याआधी एकाही भारतीयाला वैयक्तिक जगज्जेतेपद मिळालं नव्हतं. दोघंही साताऱ्याला प्रवीण सावंत सरांच्या अकॅडमीत, उसाच्या रानालगतच्या रेंजवर घडले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवला तर जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाने हेरलं आणि तो टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला. 2028 च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे.

हा खेळ महाग आहे, हे खरं. चांगल्या कंपाउंडचा संच लाखांत जातो. पण सुरुवात बांबूच्या धनुष्यावर, इंडियन राउंडने होते. पुढे वर्गणी, देणगीदार, कंपन्यांचा सीएसआर यांतून सामान उभं राहू शकतं. जागा मात्र एकदा गेली की परत येत नाही. रिकर्व्ह या दुसऱ्या प्रकाराला 70 मीटर अंतर लागतं, कंपाउंडला 50. टार्गेटच्या मागे मोकळी जागा आणि मातीचा उंच बांध हवा. सव्वाशे मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद पट्टा धरला तर होतात जेमतेम 31 गुंठे.

माझी मुलगी आठवीत आहे. सुट्टीच्या दिवशी तिला सरावाला नेतो, तेव्हा तिथली शिस्त मी पाहतो. दोन शिट्ट्या झाल्या की मुलं रेषेवर येतात. एक शिट्टी झाली की बाण दोरीला लागतो, दोरी हनुवटीला टेकते, श्वास रोखला जातो आणि बाण सुटतो. कुणाचे बाण आधी संपले, तरी तो मागे येऊन शांत उभा राहतो. तिसऱ्या खुणेच्या तीन शिट्ट्या झाल्याशिवाय एकही पाऊल टार्गेटकडे पडत नाही. मग सगळे मिळून जातात, एकमेकांसमोर गुण मोजतात आणि मगच बाण उपसतात. मोबाइलमध्ये मान घालून बसणाऱ्या वयात ही एकाग्रता आणि हा चोख हिशेब पोरं आपणहून शिकतात. कामगाराचं पोर आणि बागायतदाराचं पोर एकाच रेषेवर उभं राहतं, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पण असा सराव भाड्याच्या रानात किंवा लग्नाच्या मैदानात होत नाही. बाण चुकला तर जीव जाऊ शकतो, म्हणून कुंपण घातलेली, कायमची जागाच हवी.

सरपंच आणि सदस्यांना माझी विनंती आहे : पुढच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या, विकास आराखड्यात मैदानाची नोंद करा, गायरान लागणार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवा. आणि पालकांनो, त्या दिवशी शिफ्ट बदलून घ्या, पण सभेला या. हात वर करायला माणसं असली, तरच ठराव होतो.