सुताराला होकार



नांदेडचे आमचे एक स्नेही मुलीच्या सोयरिकीचे बोलायला घरी आले होते. मुलगी डी.एड. झालेली. मुलगा लातूरला फर्निचरचे काम करतो. स्वतःच्या मशिनी, हाताखाली दोन पोरे, व्यसन नाही. "पण शेवटी सुतारकामच ना!" असे स्नेही म्हणाले. आणि आम्हीही, खोटे कशाला बोला, मान हलवून म्हणालो, "घाई करू नका, नोकरीवाला बघू." हाताच्या कामाचा धसका आपल्या समाजाने उगाच घेतलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या कामावरूनच आपली पायरी ठरवली गेली. चहा झाला, ते गेले. मुलीचे मत त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

त्याच आठवड्यात पुतण्याने मोबाईलवर एक अमेरिकन गाणे ऐकवले. इंग्रजी गाणी आम्हाला कळत नाहीत. त्याने मध्ये मध्ये थांबवून अर्थ सांगितला. गाणारे नवरा-बायको, जॉनी कॅश आणि जून कार्टर. गाण्यातला पुरुष विचारतो की, आपण सुतारकाम करणारे असलो आणि ती मोठ्या घरची असली, तरी ती लग्नाला तयार होईल का? मग फुटकी भांडी सांधणाऱ्याचे विचारतो, गिरणीत दळण दळणाऱ्याचे विचारतो. आम्ही जरा सावरून बसलो.

हे गाणे टिम हार्डिन यांचे. १९६६ साली बॉबी डॅरिन यांच्या आवाजात ते गाजले, तेव्हा त्यात पुरुषाचा प्रश्नच होता. कॅश जोडप्याने ते आपसात वाटून घेतले आणि बाईला उत्तर द्यायला जागा झाली. ती होकार देते, आणि चांगला ठसक्यात देते. १९७१ साली या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

तिकडे अशा गाण्यांना 'कंट्री' म्हणतात, म्हणजे खेड्यापाड्याची, राबणाऱ्यांची गाणी. जॉनी कॅश (जन्म १९३२) आर्कान्सा राज्यातल्या गरीब घरचा. मंदीच्या काळात सरकारने अशा कुटुंबांना डायस गावी जमिनी दिल्या. तिथे तो लहान वयातच कापूस वेचू लागला. कापूस वेचणे काय असते ते नांदेडकरांना सांगायला नको. बोंडांच्या टोकांनी सोललेली बोटे आम्ही आमच्या आईच्या हाताला पाहिली आहेत. जून मात्र नामांकित गाणाऱ्या कार्टर घराण्यातली. दोघांचेही आधीचे संसार मोडलेले, त्यात त्याला गोळ्यांची नशा. ती त्या नशेशी भांडत राहिली. १९६८ साली कॅनडातल्या एका कार्यक्रमात त्याने भर मंचावर तिला मागणी घातली आणि पुढच्याच महिन्यात लग्न झाले. २००३ च्या मे महिन्यात ती गेली, सप्टेंबरात तो.

आपल्या अण्णाभाऊंची 'माझी मैना' आठवा. गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरणारा मुंबईचा कामकरी शाहीर अमर शेखांच्या आवाजात ऐकला की आजही गलबलून येते. पण मैना स्वतः एक शब्द बोलत नाही. अण्णाभाऊंना दोष नाही, ते गाणे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे. तरी तिला काय म्हणायचे होते, हे ऐकायला आवडले असते.

आपल्या भागातल्या ऊसतोडीचेच पाहा. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल त्या जोडीवर. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. घाम दोघांचा, पण उचल घ्यायला बहुधा एकच हात पुढे होतो. जोडीने गाणे तर लांबच.

त्या रात्री आम्ही नांदेडला फोन लावला. स्नेह्यांना म्हणालो, "पोरीला द्या." ती आधी गप्पच. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, त्यांच्या कामाचं मला काही नाही. पण मला शाळेत नोकरी लागली तर ते करू देतील का, हे कोणी विचारलंय का त्यांना?"

कोणीच विचारले नव्हते. येत्या रविवारी आम्ही लातूरला जाणार आहोत, तिला बरोबर घेऊन.