तिसरा आला की नियम मोडला

बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाच जण उतरतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मात्र शाळेचा हंगाम संपल्यावर एकाच हायस्कूलच्या संघातले दोघेच मिळून एखाद्या बाहेरच्या क्लबाकडून खेळू शकतात. पाचाचे निम्मे अडीच, म्हणून दोन. व्हॉलीबॉलला सहाचे तीन, फुटबॉलला अकराचे पाच. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने हे गणित नियमपुस्तकात वर्षानुवर्षे जपलं आहे. जून-जुलैत तेवढी सूट. एरवी वर्गातला मित्र तिसरा ठरला, तर त्याने दुसरा क्लब शोधायचा.

नियम विक्षिप्त वाटतो, पण तो कुणाच्या लहरीतून आलेला नाही. मोकळीक दिली तर शाळेचा प्रशिक्षक तोच संघ, तीच मुलं, फक्त जर्सी बदलून बारा महिने राबवणार. क्लबाची फी न परवडणाऱ्या मुलाला ‘तू येणार नसशील तर पुढच्या हंगामात बघू’ असं सुनवायलाही कुणी लागत नाही. ते त्याला आपोआप कळतं.

टेक्सासमध्ये तर हा वाद न्यायालयात गेला. तिथे बास्केटबॉलच्या ठरावीक प्रशिक्षण शिबिरांना जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभर शाळेच्या मुख्य संघाचे दरवाजे बंद होत. ग्रेग काइट या उंचपुऱ्या मुलाचे पालक न्यायालयात गेले: सुट्टीत आमच्या मुलाने काय करायचं हे शाळांची संघटना कोण ठरवणार? १९७८ मध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. अतिउत्साही प्रशिक्षक आणि पालकांना आवर घालणं, शिबिराचा खर्च पेलणारे आणि न पेलणारे यांच्यातली दरी कमी करणं, खेळाडूंची पळवापळवी रोखणं, ही कारणं न्यायालयाला पुरेशी वाटली. (काइटचं फारसं अडलं नाही. बोस्टन सेल्टिक्सने १९८४ आणि १९८६ मध्ये एनबीए जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता.)

कारणं आजही खरी आहेत. प्रश्न डोकी मोजून ती साधतात का, हा आहे.

मोठ्या शहरातल्या महागड्या क्लबाला ही अट कधी जाचतच नाही. तो सहा शाळांतून दोन-दोन उत्तम खेळाडू उचलतो आणि नियमात चोख बसतो. अडकतात त्या एकुलती एक शाळा असलेल्या गावातल्या मुली. हिवाळ्यात गावच्याच सभागृहात व्हॉलीबॉलचा क्लब काढावा म्हटलं, तर सहा जणींपैकी तिघी बाद. उरलेल्या जागा भरायला पालकांनी गाडी काढून शेजारचं गाव गाठायचं. दरी बुजवायला केलेल्या नियमाने त्यांचा पेट्रोलचा खर्च तेवढा वाढवला.

आणि ज्याची भीती होती ते ओहायोतच, उलट्या दिशेने घडलं. अक्रन शहरातला लेब्रॉन जेम्स आणि त्याचे तीन मित्र लहानपणापासून ‘शूटिंग स्टार्स’ या क्लबातर्फे एकत्र खेळत. हायस्कूलची वेळ आली तेव्हा चौघांनी मिळून सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी ही खासगी शाळा निवडली. क्लबाचे प्रशिक्षक ड्रू जॉइस आधी तिथे सहायक आणि मग मुख्य प्रशिक्षक झाले. २०००, २००१ आणि २००३ अशी तीन राज्य विजेतेपदं त्या शाळेकडे गेली. शाळेचा संघ क्लबात जाऊ नये म्हणून कुंपण घातलं होतं. इथे क्लबच शाळेत चालत आला. फुटबॉलमध्ये तर पुढे क्लबांनीच शाळांना वाळीत टाकलं. अमेरिकी फुटबॉल महासंघाच्या डेव्हलपमेंट अकादमीने २०१२ पासून दहा महिन्यांचा हंगाम लावला आणि आपल्या मुलांना शाळेकडून खेळायला मनाई केली. २०२० मध्ये ती अकादमी बंद पडली.

बंधन घालायचं तर ते मोठ्यांवर घालावं. शाळेच्या प्रशिक्षकाने, त्याच मुलांकडून फी घेणाऱ्या क्लबात शिट्टी हाती धरू नये, एवढं कडक ठेवलं तरी बरंच साधेल. मुंबईकर वाचक इथे हरकत घेईल. रमाकांत आचरेकर शारदाश्रमच्या मुलांना घडवत आणि शिवाजी पार्कवरचा कामत मेमोरियल क्लबही चालवत. १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची अभेद्य भागीदारी करणारे तेंडुलकर आणि कांबळी त्यांच्याच हाताखालचे. अशा नियमाखाली आचरेकर सरांना दोनपैकी एक मैदान सोडावं लागलं असतं. हरकत रास्त आहे, आणि हा तोटा खराच. पण नियम लिहिताना समोर आचरेकर धरून चालत नाही. शाळेच्या संघातली जागा क्लबाच्या पावतीला जोडणारा माणूस धरावा लागतो.

मग दोन, तीन, पाच हे आकडे खुशाल काढून टाकावेत. शिक्षेचा पत्ताही बदलावा. टेक्सासमध्ये शिबिराला गेल्याबद्दल वर्ष जायचं ते सतरा वर्षांच्या मुलाचं, शिबिर भरवणाऱ्याचं नव्हे.